समाधान जमत नाही, म्हणजे विश्वास कमी पडतोय का?

एका ताईंनी विचारलं आहे, थोडक्यात असं: नोकरी जाऊन बरेच महिने झाले. नवऱ्याचं आजारपण चालू आहे, कर्जाचे हप्ते थकलेत. मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, कोणीही भेटलं की सांगतं, ‘पौल तुरुंगातही समाधानी होता, तुम्हीही समाधानी राहा.’ त्या रोज प्रार्थना करतात, तरी सकाळी जाग आली की पोटात गोळा येतोच. माझा विश्वास कमी पडतोय का, समाधानाचा सराव नेमका करायचा कसा, आणि उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय ती देऊ का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी पाळक आहे. आजारी माणसांच्या उशाशी आणि काम सुटलेल्यांच्या घरी बसण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. ताई, तुमच्या लिहिण्यात मला दोन ओझी दिसतात. एक पैशाचं आणि आजारपणाचं. ते खरं आहे, जड आहे, आणि इथे बसून ते मला उतरवता येणार नाही. दुसरं ओझं म्हणजे ‘मी खरी ख्रिस्ती असते तर पहिलं ओझं मला जाणवलंच नसतं’ ही टोचणी. ही टोचणी शास्त्राने तुम्हाला लावलेली नाही. माणसांनी लावली आहे, बहुतेक वेळा चांगल्या मनाने. ती आजपासून बाळगायचं कारण नाही.

तुम्हाला पौलाचं उदाहरण दिलं गेलं, तर पौलालाच, नव्या करारातली कितीतरी पत्रं लिहिणाऱ्या या प्रेषितालाच, जरा नीट बघू या. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की ज्या स्थितीत मी असेन तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे. पत्र बंदिवासातलं आहे. परंपरेप्रमाणे रोममधलं, इ.स. ६० ते ६२ च्या सुमाराचं. लोक तेवढं वचन उचलतात आणि आधीची पानं सोडून देतात. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिगत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्या हाती पौलासाठी मदत पाठवली होती, आणि त्या सेवेत तो आजारी पडून मरता मरता वाचला. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही. नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. त्याला मी तुमच्याकडे परत पाठवतोय, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझाही जीव हलका होईल. ‘कशाचीही चिंता करू नका’ हेही त्याच पत्रात आहे. आपल्या माणसाच्या आजारपणाने काळजाचं पाणी झालं हे सांगायला त्याला संकोच वाटला नाही, आणि समाधानाबद्दल लिहायचा अधिकार त्यामुळे गेला असंही वाटलं नाही.

याच फिलिप्पै शहरात काही वर्षांपूर्वी काय झालं होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायात आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला यांचे कपडे फाडले, भर चौकात छड्यांनी मारलं, आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गाणी गात होते. इथपर्यंत प्रवचनात सगळे येतात. मग भूकंप, उघडलेले दरवाजे, बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा, आणि आमेन. पण अध्याय अजून संपलेला नसतो. सकाळी नगराच्या अधिकाऱ्यांचा निरोप आला की यांना सोडून द्या. पौलाने जायला साफ नकार दिला. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चौकशी न करता चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? ते चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, स्वतः आले, विनवण्या केल्या.

रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे, आणि मधे काही तासच गेले आहेत. समाधानाबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते या एका रात्रीत आणि एका सकाळीत सगळं आलं. पाठीवरचे वळ ओले असताना देवाला धरून राहायचं, आणि जे चुकीचं आहे त्याला चुकीचंही म्हणायचं. म्हणून तुम्ही नोकरीसाठी दारं ठोठावता, हप्ते कमी करून मिळतील का म्हणून बँकेत जाऊन बसता, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता, यातलं काहीही अविश्वासाचं लक्षण नाही. पौलाने दासांनाही लिहिलं की दास असल्याची चिंता करू नकोस, पण मोकळं होता येत असेल तर खुशाल हो (१ करिंथ ७:२१). आणि स्वतःच्या देहातल्या काट्याबद्दल त्याने आधी तीनदा मागणं केलं की हा काढून टाक. ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मागण्यानंतर आलं. मागायच्या आधीच त्याने ‘असू दे, माझं काही म्हणणं नाही’ असं म्हटलेलं नाही.

आता थोडं कडक बोलतो, ते तुम्हाला नाही, तुम्हाला उपदेश करणाऱ्यांना. नव्या करारात ‘आहे त्यात समाधानी राहा’ हे कोणाला सांगितलंय ते पाहा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान ते शिपायांना सांगतो: लोकांना धमकावून पैसे उकळू नका, पगारात भागवा. पहिल्या तीमथ्याच्या सहाव्या अध्यायात ते भक्तीचा धंदा करणाऱ्यांच्या आणि श्रीमंत व्हायला धडपडणाऱ्यांच्या संदर्भात येतं. इब्री १३:५ मध्ये त्याच्या आधीचेच शब्द आहेत की द्रव्यलोभ नको. म्हणजे ही वचनं मुख्यतः हावेला लगाम घालायला आहेत. ज्याच्या घरात हप्त्याला पैसे नाहीत त्याचं तोंड बंद करायला ती वापरली तर जखमेवर मीठच. उघड्यावाघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणणाऱ्याबद्दल याकोबाने काय लिहिलंय ते त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते वाचून कोणाला बरं वाटेल असं नाही.

तरी सराव हवाच, आणि तुम्ही तो विचारलाय. पण त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी: तो कोणी कसा करायचा हे संकट कोणतं आहे त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. कायमचं गेलेलं माणूस आणि थकलेला हप्ता यांना एकच औषध नाही. पहिल्यात बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं, दुसऱ्यात असतं. घरात मारहाण होत असेल तर मी समाधानाचा विषयच काढत नाही, आधी तिथून बाहेर कसं पडायचं ते बघतो. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतलं तेव्हा पौलसुद्धा टोपलीत बसून तटावरून खाली उतरला. स्वभावाचाही भाग असतो. काही माणसं मुळातच निवांत असतात, त्यांचं निवांतपण ही आत्म्याची मोठी कमाई समजून बाकीच्यांनी स्वतःला कमी लेखू नये. आणि तुमच्यासाठी खास: झोप उडून आठवडे झाले असतील, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकडून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं आहे.

सरावाची सुरुवात मी बहुतेकांना रडगाण्यापासून करायला सांगतो. हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण लोकांना त्याचीच भीती वाटते. कुरकुर हे पाप आहे हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, म्हणून देवासमोरही आपण इस्त्री केलेली प्रार्थना घेऊन जातो. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाचा ११वा अध्याय उघडा. इस्राएल लोक तंबूच्या दारात बसून रडतायत, मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवतायत, आणि देवाचा कोप होतो. त्याच अध्यायात मोशे जे बोलतो ते त्याहून तिखट आहे. ही माणसं काय मी जन्माला घातली? हा भार मला एकट्याला झेपत नाही. असंच चालायचं असेल तर मला मारून टाक. देव त्याच्यावर कोपत नाही. सत्तर वडील, म्हणजे लोकांतली जाणती माणसं, निवडायला सांगतो, म्हणजे भार वाटला जाईल. लोक आपापसांत देवाबद्दल बोलत होते, मिसर बरा होता म्हणत माघारी बघत होते. मोशे देवाशी बोलत होता. तक्रार किती कडू आहे यापेक्षा ती घेऊन तुम्ही कोणाकडे गेलात हे महत्त्वाचं. आणि मोशेला उत्तर म्हणून माणसं मिळाली हेही ध्यानात ठेवा, त्याकडे पुढे येतोच.

यासाठी मी स्तोत्र १३ देतो. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर’ असा प्रश्न चार वेळा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणं, आणि शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. एका बाईंचा मुलगा फार दिवस अंथरुणाला खिळून होता. त्यांच्याकडे गेलो की हे स्तोत्र वाचायचो. एके दिवशी त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, चारच वचनं वाचा. पुढची दोन माझ्याच्यानं म्हणवत नाहीत.” आम्ही चार वाचली आणि थांबलो. पुढे कित्येक भेटी तशाच. मी पाचव्या वचनाचा आग्रह धरला नाही. मग एकदा त्यांनीच ते वाचलं, आवाजात काहीही चढउतार न आणता, आणि पुस्तक मिटलं. “सहावं अजून नको, त्यात गायचंय.” मुलाच्या तब्येतीत तोवर काही फरक पडला नव्हता. समाधान शिकणं म्हणजे काय असतं, असं मला कोणी विचारलं तर मी त्या पाचव्या वचनाकडे बोट दाखवीन. सहावं आलं नाही म्हणून पाचव्याचं मोल कमी होत नाही. तुम्हीही तसंच करा. जिथपर्यंत खरेपणाने म्हणवतं तिथपर्यंत म्हणा, तिथे खूण ठेवा.

दुसरी सवय दिवसाचं माप ठरवण्याची. रानात देवाने इस्राएलाला रोज दिलेल्या अन्नाची, मान्नाची, गोष्ट तुम्हाला माहीत आहेच: ज्याने त्याने रोज आपल्यापुरता गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडायचे. एरवी आपण ही गोष्ट साठेबाजीविरुद्ध सांगतो, पण काळजीही साठवता येते. पुढच्या वर्षाची फी, सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट, घर विकावं लागलं तर काय, हे सगळं सकाळी जाग येताच एकदम अंगावर येतं. तुमचा पोटातला गोळा बहुधा हाच. प्रभू येशूने ‘आजच्याला आजचं दुःख पुरे’ म्हटलं तेव्हा आज दुःख नाही असं तो म्हणाला नाही. म्हणून मी सांगतो, सकाळी प्रार्थनेआधी कागदावर दोन रकाने करा: आज हातात काय आहे, आणि आज हातात काय नाही. पहिल्यात ‘बँकेत जाणं, दोन अर्ज, औषध आणणं’. दुसऱ्यात रिपोर्ट, लोकांची मनं, पुढचं वर्ष. पहिला रकाना करायचा. दुसरा प्रार्थनेत वाचून दाखवायचा, अगदी यादीसारखा, आणि कागद पुस्तकात ठेवून उठायचं. दुपारी तो दुसरा रकाना पुन्हा डोक्यात येणार. आला की पुन्हा वाचून दाखवायचा. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करायला देवानेच सांगितलं होतं, तेव्हा नियोजन करणं, चार पैसे बाजूला टाकणं याला हा नियम आड येत नाही.

रात्री उपकारांची नोंद करायची सवय पुष्कळ जण सांगतात, मीही सांगतो, फक्त एका अटीवर: ती खोटी नको. काम सुटलेले एक गृहस्थ जुन्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोज तीन ओळी लिहायचे. त्यांनी मला एकदा दाखवलं. ‘मुलीचा ताप उतरला. वसुलीवाल्याचा फोन आला नाही. मुलाखतीला बोलावलं नाही, राग आला.’ तिसरी ओळ उपकारांत बसते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू दे, खोडू नका. मोठाल्या आशीर्वादांच्या मागे लागलं की ही वही आठवड्याभरात बंद पडते. वसुलीवाल्याचा न आलेला फोन मात्र बऱ्याचदा सापडतो.

तुलनेबद्दल फार लिहीत नाही. स्तोत्र ७३ मधल्या आसाफाचे पाय दुर्जनांची भरभराट पाहून घसरायला आले होते. आपल्याला ती भरभराट फोनवर चोवीस तास दिसते. ज्यांच्या सहलींचे फोटो बघून तुम्हाला कसंतरी होतं त्यांना काही महिने दिसेनासं करून टाका. त्यात द्वेष काही नाही.

मदतीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथेच विश्वासू माणसं जास्त अडतात. समाधानी असणं म्हणजे कोणाकडे काही न मागणं, अशी एक समजूत आहे. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘मला सर्व काही करण्याची शक्ती आहे’ हे १३वं वचन झालं की लगेच १४व्यात पौल म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. पुढे आठवणही काढतो की थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदोनदा माझी गरज भागवलीत. त्याच्या समाधानाला मदतीने तडा गेला नाही. मदत आली नसती तरी ते टिकलं असतं, आणि आली तर त्याने ती आनंदाने घेतली, दोन्ही खरं. म्हणून मंडळीतल्या एका-दोन भरवशाच्या माणसांना नेमकं सांगा. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. ‘मंगळवारी दवाखान्यात यांच्याबरोबर बसायला कोणी येईल का, मला मुलाखतीला जायचंय’ असं सांगा. नेमकं मागितलं की माणसं येतात, असा माझा अनुभव आहे. मोघम मागितलं की मोघम आशीर्वाद मिळतात. पैशाची मदत मागायची असेल तर पाळकांशी किंवा मंडळीच्या वडिलांशी खासगीत बोला. बऱ्याच मंडळ्यांत त्यासाठी निधी असतो आणि नाव चारचौघांत घेतलं जात नाही.

हे सगळं केलं तरी पोटातला गोळा जाईल का? काही दिवस जाईल, काही दिवस राहील. स्तोत्र १३१ तीनच वचनांचं आहे आणि त्यात दूध तुटलेल्या बाळाची उपमा आहे. दूध तोडताना बाळ किती आकांत करतं ते ज्याने पाहिलंय त्याला ही उपमा गोग्गोड वाटणार नाही. आई समोर आहे, मांडीवर घेतलंय, आणि हवं ते देत नाही. याहून मोठा अन्याय त्याच्या जगात नसतो. मग हळूहळू तेच मूल त्याच मांडीवर काही न मागता पडून राहायला लागतं. स्तोत्रकर्ता त्या शांत झालेल्या बाळाबद्दल बोलतो, पण आधीचा आकांत झाल्याशिवाय कुठलंच मूल तिथे पोचत नाही. आणि आकांत चालू असतानाही ते मांडीवरच होतं. पौलाला ते पत्र लिहीपर्यंत ख्रिस्ताच्या मागे चालून पंचवीसएक वर्षं झाली होती. तुम्ही काही महिन्यांत स्वतःला नापास करताय.

राहिला साक्षीचा प्रश्न. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नाही म्हणण्याची कारणं द्यायची गरज नाही. द्यावीशी वाटली तर एक जपा: शेवट गोड करायच्या नादात जे घडलेलं नाही ते सांगू नका. आपल्याकडे साक्ष म्हणजे संकट, प्रार्थना, सुटका असा एक साचा बसून गेलाय. स्तोत्र ८८ त्या साच्यात बसत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत गाण्यासाठी ठेवलेलं आहे. तुम्ही सरळ म्हणू शकता: नोकरी अजून नाही, प्रार्थना सोडलेली नाही, काही सकाळी फार भीती वाटते, आणि आम्हाला या या गोष्टीत मदत हवी आहे. पाच मिनिटंही लागणार नाहीत. लिहून नेलंत तर बरं, म्हणजे मधेच कोणी ‘पण देवाने सोडवलं ना?’ म्हणून पुढचं वाक्य तुमच्या तोंडात घालणार नाही. माझ्या मंडळीत अशा अर्धवट साक्षींनंतर लोक जास्त वेळ थांबून बोलतात, असं मी पाहिलंय. नवऱ्याच्या आजारपणाचं मात्र आधी त्यांना विचारा. त्यांना ते सगळ्यांसमोर नको असेल तर तेवढं गाळा आणि फक्त नोकरीबद्दल बोला.